गोळ्या चालू आहेत, मग फिट पुन्हा का येते?

१७ नोव्हेंबर हा आपल्याकडे राष्ट्रीय अपस्मार दिन. त्या आठवड्यात दवाखान्यांत फलक लागतात, पेपरात डॉक्टरांचे लेख येतात आणि फिट आलेल्या माणसाला कांदा किंवा चप्पल हुंगवू नका, हे पुन्हा सांगितलं जातं. सांगायलाच हवं. पण ज्या घरात हा आजार मुक्कामालाच आलेला असतो, त्या घराला कांद्याचं केव्हाच कळलेलं असतं. तिथला प्रश्न वेगळा असतो. फाइल जाडजूड झालेली, गोळ्या नेमाने चाललेल्या, बरेच महिने शांततेत गेलेले, आता सुटलो असं म्हणायची हिंमत होत असते, आणि एका सकाळी बाथरूममधून धाडकन आवाज येतो. आता काय चुकलं?

माझ्या धाकट्या भावाला शाळेत असल्यापासून फिट येतात. आम्ही कळव्याचे, त्याचं ऑफिस ऐरोलीला. हा प्रश्न आमच्या घरात इतक्या वेळा विचारला गेलाय, की मिळत गेलेली उत्तरं एका जागी लिहावीत असं वाटलं. ‘पुन्हा आली’ यामागे नशीब नसतं आणि दर वेळी निष्काळजीपणाही नसतो. बहुतेकदा कारण सापडतं. शोधूनही फिट थांबत नसेल, तर पुढची पायरी काय हे वैद्यकशास्त्राने ठरवून ठेवलेलं आहे. ती पायरीच आपल्याकडे अनेकांना कुणी सांगत नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

डोक्यात नेमकं काय होतं?

मेंदूतल्या अब्जावधी पेशी एकमेकींशी विजेच्या बारीक बारीक संदेशांनी बोलत असतात. तिसरी घंटा व्हायच्या आधीचं गडकरी रंगायतन डोळ्यांसमोर आणा. सभागृह भरलेलं, जो तो शेजाऱ्याशी बोलतोय. गलका आहे, पण त्या गलक्यात प्रत्येकाचं संभाषण नीट चाललेलं आहे. आता एका रांगेतले चार-पाच जण एकाच ठेक्यात टाळ्या वाजवायला लागले. शेजारची रांग त्यात ओढली गेली आणि बघता बघता सगळं सभागृह त्या एका ठेक्यात. आवाज केवढा तरी, पण कुणाचंच कुणाशी बोलणं होत नाही. फिट म्हणजे पेशींचं असं एका ठेक्यात अडकणं. बहुतेक वेळा एक ते तीन मिनिटांत ते आपोआप ओसरतं. (म्हणूनच कांद्याला फुकटचं श्रेय मिळतं.)

टाळ्या एकाच रांगेपुरत्या राहिल्या, तर त्या रांगेचं जे काम तेवढंच बिघडतं. कुणाचा एकच हात झटकतो, कुणाला जळका वास येतो, कुणाला पोटातून काहीतरी वर चढल्यासारखं वाटतं. कुणी टक लावून बघत ओठ चघळत बसतो आणि हाकेला ओ देत नाही. ही स्थानिक फिट. ठेका सभागृहभर पसरला की शुद्ध हरपते, अंग आखडतं आणि झटके येतात. काहींच्या मेंदूत तर दोन्ही बाजू सुरुवातीपासून एकदमच पेटतात, ती सर्वांगी फिट. तिच्यातही पडणं असतंच असं नाही. काही मुलांना नुसती पाच-दहा सेकंदांची तंद्री लागते. वर्गात ती ‘लक्ष नाही’ म्हणून ओरडा खातात.

१९२४ मध्ये हान्स बर्गर या जर्मन डॉक्टरांनी माणसाच्या मेंदूतली ही वीज पहिल्यांदा कागदावर उतरवली. तोच आजचा ईईजी. नेहमीचा ईईजी साधारण अर्ध्या तासाचा असतो. त्या वेळात मेंदू शांत असेल तर कागदही शांतच येणार. त्यामुळे ‘ईईजी नॉर्मल, म्हणजे काही नाही’ असा अर्थ काढू नये. निदानाचा मोठा भाग आजही फिट बघणाऱ्याच्या सांगण्यावर उभा असतो.

एकदा फिट आली म्हणजे अपस्मार झाला का?

नाही. ताप, साखर एकदम उतरणं, रक्तातलं सोडियम घसरणं, भरपूर दारू प्यायची सवय अचानक तुटणं, अशा तात्कालिक कारणानेही फिट येते. सहा महिने ते पाच वर्षं या वयात तापात येणारी फिट बहुतेक मुलांच्या बाबतीत पुढे अपस्मार होत नाही. तसं कुठलंही तात्कालिक कारण नसताना, चोवीस तासांहून जास्त अंतराने दोन फिट आल्या, किंवा एकच आली पण तपासण्यांवरून पुन्हा येण्याची शक्यता बरीच दिसते, तर त्याला अपस्मार म्हणतात.

कारणं पुष्कळ आहेत: जन्मताना प्राणवायू कमी पडणं, डोक्याला मार, पक्षाघात, गाठ, मेंदूज्वर, जनुकं. अनेकांचं कारण सापडतच नाही. आपल्या देशात आणखी एक कारण बऱ्यापैकी आढळतं, ते म्हणजे मेंदूत जाऊन बसलेली फीतकृमीची अळी. ‘आम्ही तर पूर्ण शाकाहारी’ असं यावर लगेच म्हटलं जातं. डुकराच्या अर्धकच्च्या मांसातून पोटात कृमी होतात हे खरं. पण मेंदूत अळी जाते ती त्या कृमीची अंडी पोटात गेल्यामुळे, आणि अंडी येतात माणसाच्या विष्ठेने दूषित झालेल्या पाण्यातून, न धुतलेल्या हातांतून, कच्च्या कोथिंबीर-गाजरातून. शाकाहारी घरातही हे होतं. बरेचदा औषधाने बरंही होतं.

औषध काय करतं आणि काय करत नाही?

फिटची औषधं त्या खोडकर रांगेला बाहेर काढत नाहीत. उरलेलं सभागृह सहजासहजी ठेका धरणार नाही इतकं ती त्याला शांत ठेवतात, आणि तेही रक्तात पुरेसं औषध आहे तोवरच. पुढचं सगळं समजायला एवढं पुरे. फिट थांबली म्हणजे रांग गेली असं नाही. औषधाचं प्रमाण खाली आलं, किंवा रांगेला चेव चढवणारं काही घडलं, की ठेका पुन्हा सुरू होऊ शकतो.

‘एकही गोळी चुकलेली नाही, तरीही?’

गोळी चुकलेली नसते, वेळ चुकलेली असते. हे मला फार उशिरा कळलं. लेव्हेटिरासिटॅम हे सध्या सर्रास दिलं जाणारं औषध. प्रौढ माणसाच्या रक्तातलं त्याचं प्रमाण साधारण सहा ते आठ तासांत निम्म्यावर येतं. म्हणून ते बारा तासांच्या अंतराने घ्यायचं. आता ऐरोली-महापे पट्ट्यातल्या कंपन्यांत शिफ्ट दर महिन्याला फिरते. ‘एक उठल्यावर, एक झोपताना’ असा ज्याचा हिशोब आहे, त्याची शिफ्ट दिवसाची रात्र झाली की दोन गोळ्यांमध्ये पंधरा-सोळा तास पडतात. मोजायला गेलं तर पाकिटातली एकही गोळी उरलेली नसते. गोळी उठण्या-झोपण्याशी बांधू नका, घड्याळाशी बांधा: सकाळी नऊ, रात्री नऊ, मग तुम्ही घरी असा, ऑफिसात असा की ट्रान्सहार्बरच्या गाडीत. एखादी राहून गेली तर काय करायचं हे डॉक्टरांना आधीच विचारून ठेवा. मनाने पुढच्या वेळी दोन घेऊ नका.

उपासाचंही तेच. श्रावण, नवरात्र आलं की ‘आज पोटात काही नाही’ म्हणून गोळी पुढे ढकलली जाते. पाण्याच्या घोटाबरोबर गोळी घेतल्याने उपास मोडत नाही, हे घरातल्या मोठ्या माणसाने एकदा सगळ्यांसमोर स्पष्ट म्हणावं. त्या एका वाक्याने फार फरक पडतो. गोळी घेतल्यावर लगेच उलटी झाली, जुलाब लागले, वाढत्या मुलाचं वजन बरंच वाढलं, तरी डोस कमी पडतो. मेडिकलवाला ‘हेच आहे’ म्हणून दर महिन्याला वेगळ्या कंपनीची गोळी देत असेल तर ती अदलाबदल टाळा. जनऔषधी केंद्रातली स्वस्त गोळी घ्यायला हरकत नाही. फक्त बदल डॉक्टरांना सांगून करा आणि मग त्याच गोळीवर राहा.

दुसरं मोठं कारण झोप. दहीहंडीची रात्र, गणपतीचं जागरण, परीक्षा, पहिल्या लोकलसाठी पहाटे चारचा गजर, तान्ह्या बाळाची आई. डीजेच्या लखलखत्या दिव्यांवर संशय लवकर जातो. पण प्रकाशाच्या झगमगाटाने फिट येणारे अपस्माराच्या रुग्णांत सुमारे तीन टक्केच असतात. गणपतीनंतर येणाऱ्या फिटचं खापर दिव्यांपेक्षा जागरणावर फोडणं जास्त बरोबर. दारूही तशीच: पिताना नाही, तर ती उतरताना आणि त्या रात्री झोप मोडल्यावर तिचा हिशोब होतो. काही बायकांना पाळीच्या आसपासच फिट येतात. कॅलेंडरवर दोन्ही तारखा लिहिल्या तर तीन-चार महिन्यांत ते दिसतं, आणि त्यावर डॉक्टरांना उपाय करता येतात.

तिसरं कारण दुसऱ्या आजाराची गोळी. पोट बिघडलं की आपण परस्पर ऑफ्लॉक्सासिन किंवा सिप्रोफ्लॉक्सासिन आणतो. पाठ धरली की कुणीतरी ट्रॅमाडॉल देतो. ही औषधं काही जणांत फिटची शक्यता वाढवतात. कुठल्याही डॉक्टरकडे, दाताच्यासुद्धा, गेल्यावर पहिलं वाक्य ‘मला फिटचा त्रास आहे’ हेच असायला हवं.

सकाळी हातातून उडणारा चहाचा कप

औषध वेळेवर आहे, झोप बरी आहे, तरी फिट येते, आणि कारण औषधाची निवडच चुकीची हे असतं. याचं एक उदाहरण जरा सविस्तर सांगायला हवं, कारण किती तरी तरुण मुलंमुली यात वर्षं घालवतात.

बारा ते अठराच्या वयात सुरू होणारा अपस्माराचा एक प्रकार आहे. सकाळी उठल्यावर पहिल्या तासाभरात खांदे किंवा हात अचानक उडतात. टूथब्रश हातातून निसटतो, चहा सांडतो. मूल पूर्ण शुद्धीत असतं, त्यामुळे घरात त्याला ‘धांदरट’ म्हणतात आणि विषय संपतो. पुढे कधीतरी परीक्षेच्या जागरणानंतर मोठी फिट येते. डॉक्टरांना मोठ्या फिटबद्दल सांगितलं जातं. चहाच्या कपाबद्दल कुणी सांगत नाही, कारण त्याचा याच्याशी काही संबंध असेल असं वाटतच नाही. मग स्थानिक फिटवर चांगलं चालणारं कार्बामॅझेपिन किंवा फेनिटॉइन सुरू होऊ शकतं, आणि या प्रकारात ही औषधं ते झटके वाढवू शकतात. म्हणजे मूल नेमाने गोळी घेतंय आणि त्या गोळीनेच बिघडतंय. नेमकं निदान झालं तर हाच प्रकार योग्य औषधाला बहुतेकांत छान दाद देतो. मात्र औषध बरीच वर्षं, अनेकांना कायम घ्यावं लागतं.

तेव्हा सकाळचे झटके, दिवसातली तंद्री, झोपेत ओलं झालेलं अंथरूण, उठल्यावर चावलेली जीभ, यातलं काहीही ‘किरकोळ’ म्हणून गाळू नका.

आणखी एक शक्यता अशी, की ती फिट नसेलच. उपाशीपोटी, कोंदट गर्दीत तासभर उभं राहून माणूस चक्कर येऊन पडतो. चेहरा पांढराफटक होतो, हातपायही दोन-चार वेळा झटकतात. बघणाऱ्याला फिट वाटते, पण गडबड रक्तदाबाची असते, क्वचित हृदयाची. मनावरच्या प्रचंड ताणातूनही फिटसारखे झटके येतात. ते खोटे नसतात, नाटक नसतं, पण मेंदूतल्या विजेचं वादळही नसतं, आणि फिटच्या गोळ्यांनी ते थांबत नाहीत. त्यांच्यावर वेगळे, चांगले उपचार आहेत. हा फरक करायला घरच्यांनी मोबाइलवर काढलेला मिनिटभराचा व्हिडिओ फार कामाला येतो. आधी माणसाला इजा होणार नाही हे बघा, मग व्हिडिओ.

दोन औषधं झाली. आता तिसरं, चौथं, पाचवं?

इथे आकडे सांगते, कारण ते कळल्यावर आमच्या घरातलं बोलणंच बदललं. ग्लासगोमधल्या एका हॉस्पिटलच्या रुग्णांचा अभ्यास २००० मध्ये प्रसिद्ध झाला. आधी कुठलंच औषध न घेतलेल्या ४७० जणांपैकी ४७ टक्क्यांच्या फिट पहिल्याच औषधावर थांबल्या. दुसऱ्या किंवा तिसऱ्या औषधावर आणखी १४ टक्क्यांच्या थांबल्या. त्यापुढे हाताला फार थोडे लागले.

या अभ्यासातून, आणि नंतरच्या इतर कामातून, जगभरच्या अपस्मारतज्ज्ञांनी २०१० मध्ये एक व्याख्या ठरवली. फिटच्या प्रकाराला योग्य अशी दोन औषधं, पुरेशा डोसमध्ये, नीट घेऊनही फिट थांबल्या नाहीत, तर तो औषधाला न जुमानणारा अपस्मार. त्याचा अर्थ ‘आता काही होणार नाही’ असा मुळीच नाही. फक्त गोळ्या बदलत बसण्याची वेळ संपली आणि माणसाला अपस्मारावर खास काम करणाऱ्या केंद्रात पाठवण्याची वेळ आली, असा आहे.

तिथे वेगळ्या तपासण्या होतात. फिटसाठी खास आखलेला एमआरआय, आणि काही दिवस दवाखान्यात ठेवून कॅमेऱ्यासमोर सलग केलेला ईईजी. हेतू एकच: टाळ्या कुठल्या रांगेतून सुरू होतात ते पकडायचं. ती रांग एकच असेल, आणि ती काढल्याने बोलणं, हातपाय, स्मरण यांना मोठा धक्का बसणार नसेल, तर शस्त्रक्रियेचा विचार होतो. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कॅनडातल्या चाचणीत कानशिलाच्या आतल्या भागातून, म्हणजे टेम्पोरल लोबमधून, फिट सुरू होणारे ८० रुग्ण होते. निम्म्यांची शस्त्रक्रिया केली, निम्म्यांना नुसती औषधं दिली. वर्षअखेर शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी ५८ टक्के शुद्ध हरपणाऱ्या फिटपासून मोकळे होते. औषधांवरच्यांत हे प्रमाण ८ टक्के होतं.

‘पण डोकं उघडायचं?’ ही भीती अगदी खरी आहे, आणि धोका शून्य नाही. सगळ्यांना ही शस्त्रक्रिया चालतही नाही. पण तपासणीला गेलं म्हणजे शस्त्रक्रियेला होकार दिला असं होत नाही. तपासणीनंतर नाही म्हणता येतं. अशी कामं परदेशातच होतात हाही गैरसमज. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेत १९९५ पासून ती होत आहेत, आणि ठाणे-नवी मुंबईकरांना तर परळचं केईएम लोकलने जाण्याइतकं जवळ आहे. न्यूरोलॉजिस्टना सरळ विचारा: ‘दोन औषधं झाली. मला अपस्माराच्या केंद्रात पाठवाल का?’ चांगला डॉक्टर या प्रश्नाने दुखावत नाही.

शस्त्रक्रिया बसत नसेल तर किटोजेनिक आहार आहे. भरपूर स्निग्ध, अगदी कमी पिष्ट, असा मोजून-मापून दिलेला हा आहार १९२१ पासून वापरात आहे आणि मुलांना विशेष उपयोगी पडतो. वजन उतरवण्यासाठी मोबाइलवर दिसणारा ‘किटो’ तो हा नव्हे. याला डॉक्टर आणि आहारतज्ज्ञाची देखरेख लागतेच. मानेतल्या व्हेगस नसेला हलके विद्युत ठोके देणारं यंत्रही बसवता येतं, पण ते महागडं आहे, आणि त्याने फिट बहुधा कमी होतात, पूर्ण थांबणं विरळा.

‘महिन्यातून एकदाच येते, चालतंय की’

नाही चालत. हे कठोर वाटेल, पण लपवणं जास्त क्रूर आहे. अपस्मार असलेल्या प्रौढांपैकी दर वर्षी हजारात सुमारे एकाचा अचानक मृत्यू होतो. पुष्कळदा झोपेत, आणि बुडणं किंवा अपघात असं कुठलंही कारण नसताना. ज्यांना झटक्यांच्या मोठ्या फिट वारंवार येत राहतात, विशेषतः रात्री, त्यांना हा धोका सर्वांत जास्त असतो. फिट कमी झाल्या की तो घटतो. आकडा लहान आहे, त्याने झोप उडवून घेऊ नका. पण ‘सवय झाली’ म्हणून वर्षानुवर्षं त्याच गोळ्यांवर बसून राहू नका, एवढ्यासाठी तो सांगितला.

आणि आपलं रोजचं जगणं बघा. लोकलच्या दारात उभं राहणं ज्याला फिट येते त्याने सोडायचंच. फलाटावर कडेपासून लांब, भिंतीच्या बाजूला थांबा. अंघोळीला कडी लावू नका, दाराबाहेर पाटी अडकवा. गॅससमोर एकटं असताना मागचं बर्नर वापरा, कढईचा कान आत वळवा. घोडबंदर रोडवरच्या उंच इमारतींत बाल्कनीच्या कठड्याशी खुर्ची नको. पोहायला जायचं असेल तर ज्याला फिटबद्दल माहीत आहे असा पोहणारा माणूस बरोबर हवा. एमआयडीसीतली यंत्रं, उंचीवरची कामं यांबद्दल सुपरवायझरला सांगून जागा बदलून घ्या. गाडीचा प्रश्न सर्वांत अवघड. परवान्याच्या नमुना १ मध्ये अपस्मार आहे का, हे थेट विचारलेलं आहे, आणि आपल्या कायद्यात अशा माणसाला परवाना मिळत नाही. पाम बीच रोडवर स्वतःची बाइक चालवायची हौस सोडताना माझा भाऊ जितका खचला, तितका तो एखाद्या फिटनेही खचला नव्हता. त्याचं दुःख मला पटतं. तरी चावी त्याला देणार नाही.

‘दोन वर्षं काही नाही, आता बंद करूया’

दोन वर्षं फिट नसेल तर औषध कमी करण्याचा विचार डॉक्टर करतात हे खरं आहे. पण पैज काय आहे ते समजून घ्या. ब्रिटनमधला १९९१ चा एक मोठा अभ्यास सांगतो, की निदान दोन वर्षं फिट नसलेल्यांपैकी ज्यांनी औषध चालू ठेवलं, त्यांतले ७८ टक्के पुढची दोन वर्षंही फिटविना राहिले. ज्यांनी हळूहळू बंद केलं, त्यांतले ५९ टक्के राहिले. म्हणजे बंद करूनही निम्म्याहून जास्त बरे राहतात, आणि चालू ठेवूनही काहींना फिट येते. जिचं पोट ड्रायव्हिंगवर किंवा मशीनवर अवलंबून नाही अशा कॉलेजातल्या मुलीचा निर्णय आणि एकट्याने राहून शिफ्ट करणाऱ्या माणसाचा निर्णय एकच असेल असं नाही. तो डॉक्टरांबरोबर बसून घ्या. अचानक मात्र कधीही बंद करू नका. त्याने न थांबणारी, जिवावर बेतणारी फिट येऊ शकते.

गावाकडून कुणीतरी ‘हमखास पुडी’ आणतंच. देवाला नवस बोला, अंगारा लावा, माझं काही म्हणणं नाही. पण पुडी सुरू करून गोळ्या थांबवू नका. ‘आयुर्वेदिक’ म्हणून विकलेल्या अशा औषधांत फेनोबार्बिटोन हे जुनं फिटचंच औषध मिसळलेलं सापडल्याची प्रकरणं आपल्या देशात झालेली आहेत. गुण आला तो त्याचा, आणि डोस किती हे कुणालाच माहीत नाही.

हे वेड नाही

‘ठाण्याला पाठवा याला’ हे वाक्य अख्ख्या महाराष्ट्रात चालतं. मनोरुग्णालय आमच्या शहरात, त्यामुळे आम्हाला ते जास्तच ऐकावं लागतं. फिट येणाऱ्या मुलाला तर शाळेपासून. कायद्यानेही फार काळ हीच गल्लत केली होती. हिंदू विवाह कायद्यातल्या लग्नाच्या अटींमध्ये वेडाचे आणि अपस्माराचे वारंवार येणारे झटके एकाच दमात धरलेले होते. १९९९ च्या दुरुस्तीने त्यातून अपस्मार काढून टाकला. अपस्मार आहे म्हणून लग्नाला कायद्याची आडकाठी आता नाही. लपवून मात्र लग्न करू नये. गोळ्या लपवायच्या म्हणजे त्या चुकणार, सासरी पहिलं जागरण झालं की फिट येणार, आणि मग विश्वासही जाणार.

मूल होऊ द्यायचं असेल तर गरोदरपणाच्या बऱ्याच आधी डॉक्टरांशी बोला. व्हॅल्प्रोएट हे फिटचं औषध घेणाऱ्या आईच्या साधारण दहात एका बाळाला जन्मजात व्यंग आणि दहात तीन-चार मुलांना वाढीत अडचणी दिसतात. इतर अनेक औषधं त्यापेक्षा सुरक्षित आहेत आणि बदल आधी करता येतो. दिवस राहिल्यावर घाबरून मनाने गोळ्या बंद करणं हे आई आणि बाळ दोघांनाही घातक.

बऱ्याच जणांना अपस्माराबरोबर उदासीही येते. ‘फिट येते म्हणून रडतोय’ इतकं ते सोपं नसतं. आजाराचा आणि काही औषधांचाही त्यात हात असतो. लेव्हेटिरासिटॅमने काहींची चिडचिड भलतीच वाढते. गोळी सुरू झाल्यावर शांत मुलगा भांडायला लागला, तर त्याला संस्कार शिकवायच्या आधी डॉक्टरांना सांगा. नोकरी-सवलतींच्या बाबतीत २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या २१ प्रकारांत अपस्माराचं स्वतंत्र नाव नाही. ते असायला हवं होतं असं मला ठामपणे वाटतं. जाँटी ऱ्होड्सला लहानपणापासून अपस्मार आहे, हे मी ओळखीच्या प्रत्येक क्रिकेटवेड्या पोराला सांगते. १९९२ च्या विश्वचषकात इंझमामला धावबाद करताना हवेत झेपावलेला हाच तो माणूस.

फिट येते तेव्हा, आणि ती गेल्यावर

घड्याळ बघा. आजूबाजूच्या टोकदार वस्तू बाजूला करा, डोक्याखाली काहीतरी मऊ ठेवा, गळ्याभोवतीचं सैल करा, आणि झटके ओसरले की कुशीवर वळवा. धरून दाबू नका. तोंडात चमचा, बोट, पाणी, काहीही घालू नका. जीभ गिळली जात नाही, दात मात्र तुटतात. पाच मिनिटांत थांबली नाही, शुद्ध न येता लगेच दुसरी आली, पाण्यात आली, डोक्याला मार लागला, गरोदर बाई असेल किंवा आयुष्यातली पहिलीच फिट असेल, तर १०८ ला फोन करा. ज्यांना लांबणाऱ्या फिट येतात, त्यांच्या घरी नाकात मारायचा, फिट थांबवणारा मिडाझोलामचा स्प्रे ठेवायचा का, हे डॉक्टरांना विचारा. तो कसा वापरायचा हे घरात दोघांना तरी यायला हवं.

मग माणूस डोळे उघडतो. जीभ सोललेली, अंग ठणकतंय, आपण जमिनीवर का आहोत हे कळत नाही. आणि पहिलं वाक्य कानावर पडतं: ‘गोळी घेतली नव्हतीस ना?’ घाबरलेल्या माणसाच्या तोंडून ते निघतं, हे मला माहीत आहे. पण ऐकणाऱ्याला त्यात आरोप ऐकू येतो, आणि पुढच्या वेळी गोळी खरंच राहिली असेल तर तो ती लपवतो. त्या वेळी एवढंच म्हणा: ‘फिट आली होती, दोन मिनिटांत थांबली, तू घरी आहेस.’ झोपू द्या.

चौकशी चार-पाच तासांनी, चहा पिऊन झाल्यावर, आणि दोघांनी मिळून वहीत लिहीत: किती वाजता आली, किती वेळ होती, सुरुवात शरीराच्या कुठल्या बाजूने झाली, आदल्या रात्री झोप किती, शेवटची गोळी किती वाजता, ताप, उलटी, जुलाब, पाळीची तारीख, दुसरी कुठली गोळी घेतली होती का. सकाळी हात उडाले असतील तर तेही. ओपीडीत डॉक्टरांकडे आपल्यासाठी थोडीच मिनिटं असतात. वही आणि मोबाइलमधला व्हिडिओ पुढे ठेवला, की तेवढ्या वेळातही डोस, वेळ, औषध की निदान, यातलं नेमकं काय तपासायचं हे ठरवता येतं.